पहाटे पाचला पस्तिसावाच दिवस

गुरुवारी सकाळी सव्वासातला दिंडोरीकडच्या काकांचा फोन. "भाऊ, माझी बाग आज छत्तीस दिवसांची झाली. तुमचा मोबाईल पस्तीसच म्हणतोय."

द्राक्षवाल्यांना हे सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. ऑक्टोबर छाटणी झाली की बागेचं कॅलेंडर वेगळं होतं. तारीख कोणी बोलत नाही, 'कितव्या दिवसावर आहे' हेच विचारतात. फवारणी त्या दिवसावर आणि घडाकडे बघून ठरते. आमचं छोटं ॲप हेच करतं: छाटणीची तारीख टाका, रोज दिवस बघा, काय मारलं ते नोंदवा. अठरा बागायतदार बीटा टेस्टर म्हणून, म्हणजे ॲप सर्वांसाठी खुलं होण्याआधी वापरून बघायला, घेतले होते.

मी ॲप उघडलं तर छत्तीस. काकांना म्हटलं, बरोबर दाखवतंय की. ते म्हणाले, "आत्ता बरोबर आहे हो. पहाटे पाचला बघा ना."

तिथे डोक्यात प्रकाश पडला. आमचा सर्व्हर दिवस मोजत होता यूटीसीने, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेने, आणि आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे पहाटे साडेपाचपर्यंत आमच्या ॲपमध्ये कालचाच दिवस. आम्ही ऑफिसात साडेदहाला चहा पीत टेस्टिंग करणारी माणसं, आम्हाला हे जन्मात दिसलं नसतं. हा बग सापडायला पहाटे पाचला उठून फवारणीचा ब्लोअर जोडणारा माणूसच लागतो. बीटा टेस्टिंग म्हणतात ते हेच.

दिवसाचं गणित फोनच्या तारखेवर नेलं. बदल दोन ओळींचा, अकराच्या आत झाला. स्टोअरच्या वाटेने तो टेस्टरांपर्यंत पोचला पुढच्या बुधवारी संध्याकाळी.

मधल्या सहा दिवसांचा हिशोब प्रामाणिकपणे देतो, कारण अशा पोस्टमध्ये सगळं खापर स्टोअरवर फोडायची पद्धत आहे. (कुठलं स्टोअर ते लिहीत नाही.) पहिला तास आमचा गेला. बिल्ड नंबर (ॲपच्या प्रत्येक नव्या फाईलचा क्रमांक) वाढवायचा विसरलो, आणि फाईल पूर्ण चढल्यावरच कळलं की हा नंबर आधी वापरलेला आहे. परत बिल्ड, परत अपलोड. मग 'रिव्ह्यू सुरू आहे', म्हणजे स्टोअरवाले तपासतायत. शुक्रवार, शनिवार, रविवार तेच वाक्य. सोमवारी दुपारी रिजेक्ट: दिलेल्या माहितीने लॉगिन होत नाही.

आमचं लॉगिन मोबाईल नंबर आणि ओटीपीवर. तपासणाऱ्याकडे आपल्या इथलं सिमकार्ड थोडंच असणार, म्हणून एक डेमो नंबर आणि ठरलेला ओटीपी देऊन ठेवला होता. पंधरा दिवसांपूर्वी आमच्याच बॅकएंडवाल्या (सर्व्हर सांभाळणाऱ्या) मित्राने 'सिक्युरिटीची साफसफाई' करताना तो बंद केला. चूक शंभर टक्के आमची. पण ती चूक 'लॉगिन होत नाही' या तीन शब्दांत शुक्रवारी सकाळीच कळली असती तर पाच मिनिटांत दुरुस्त होती. चार दिवस थांबून कळली, आणि दुरुस्त करून परत रांगेच्या शेपटाला उभे. तलाठी कार्यालयातसुद्धा 'झेरॉक्स राहिली, घेऊन या' असं खिडकीवर लगेच सांगतात हो.

आता जे खरं दुखलं ते. शनिवारी मला राहवलं नाही. म्हटलं, जाऊ दे रिव्ह्यू, एपीके, म्हणजे ॲपची फाईल, थेट व्हॉट्सॲपवर पाठवतो. काकांनी फाईल दाबली, इन्स्टॉल होईना. होणारच नव्हतं, कारण स्टोअरमधून आलेल्या ॲपवर स्टोअरची डिजिटल सही असते आणि माझ्या लॅपटॉपवरून गेलेल्यावर माझी. सह्या जुळत नसतील तर अँड्रॉइड एकावर दुसरं बसू देत नाही. काकांच्या पुतण्याने शहाणपणा केला: जुनं काढून टाकलं आणि नवीन घातलं. बागेत रेंज नसते म्हणून नोंदी फोनमध्येच साठत होत्या, सर्व्हरवर चढल्याच नव्हत्या. अकरा दिवसांच्या फवारण्यांची नोंद गेली.

काका रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "जाऊ द्या, वहीत आहे माझ्या." रागावले असते तर बरं वाटलं असतं.

माझं म्हणणं इथे आहे. तपासणी नको असं मी म्हणत नाही. बीटाच्या वाटेने बदमाशही येतात: २०२२ मध्ये सोफोस या सुरक्षा कंपनीने दाखवलं होतं की क्रिप्टोच्या नावाने लुबाडणाऱ्या टोळ्या ॲपलच्या टेस्टफ्लाइटमधून (बीटा ॲप वाटायची सोय) नकली ॲप लोकांच्या फोनवर पोचवतात. तेव्हा दारावर कोणीतरी हवंच. पण दारावरची रांग लांबली आणि आत काय चाललंय ते कळेनासं झालं की साधी माणसं कुंपणावरून उडी मारतात, जशी मी मारली. आणि तपासणी नसलेली एपीके व्हॉट्सॲपवर फिरणं हेच तर सगळ्यात धोक्याचं. नियम ज्यासाठी केला त्याच्या नेमकं उलट.

गूगल प्लेचा बारा टेस्टरांचा नियम घ्या. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेल्या वैयक्तिक खात्यांना ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी क्लोज्ड टेस्ट, म्हणजे निवडक लोकांकडून चाचणी, करावी लागते. आधी २० टेस्टर लागायचे, २०२४ च्या डिसेंबरात १२ केले. तेही सलग १४ दिवस टिकले पाहिजेत. हेतू चांगला. प्रत्यक्षात काय होतं? 'तू माझं घे, मी तुझं घेतो' असे ग्रुप निघाले, पैसे घेऊन टेस्टर पुरवणारे निघाले. ते ॲप उघडतात आणि बंद करतात. त्यांच्यातला एकही पहाटे पाचला फोन करून तुम्हाला दिवस चुकल्याचं सांगणार नाही.

ॲपलकडे वेगळीच गंमत. तुमच्या टीममधल्या १०० जणांपर्यंत बिल्ड रिव्ह्यूशिवाय जातो, बाहेरच्या १०,००० जणांपर्यंत पाठवता येतो, पण नव्या आवृत्तीच्या पहिल्या बिल्डला आधी बीटा रिव्ह्यू लागतो. म्हणजे लवकर हवं असेल तर काकांना आमच्या खात्यावर 'टीम मेंबर' करून घ्यायचं! शिवाय एन्क्रिप्शनचा (माहिती कुलूपबंद करून पाठवण्याचा) तो प्रश्न: तुमचं ॲप कोणतं एन्क्रिप्शन वापरतं? उत्तर देईपर्यंत बिल्ड पिवळा त्रिकोण लावून बसून राहतो. साधं एचटीटीपीएस (वेबसाइटची नेहमीची सुरक्षित जोडणी) वापरणाऱ्यांनी ॲपच्या इन्फो फाईलमध्ये एक ओळ टाकली की तो परत विचारत नाही. ही ओळ माहीत नसल्यामुळे 'रिव्ह्यू लांबलाय' म्हणून दोन दोन दिवस शिव्या देत बसलेले लोक मी पाहिलेत. रिव्ह्यू सुरूच झालेला नसतो.

मला खूप काही नको. ज्या टेस्टरांकडे माझं ॲप आधीपासून आहे त्यांना छोटा बदल लगेच जाऊ दे, तपासणी मागून कर. काही वावगं दिसलं तर काढून घे. आणि लॉगिन होत नसेल तर त्याच दिवशी कळव. डेव्हलपरचे सहा दिवस गेले तर तो चिडतो, पोस्ट लिहितो, परत कामाला लागतो. टेस्टरचं तसं नसतं. तो फुकट, हौसेने, स्वतःच्या धंद्याच्या गडबडीत आपल्याला मदत करत असतो. बाग काही थांबत नाही.

बुधवारी अपडेट आल्यावर अठरा जणांना मेसेज टाकला. सात जणांनी घेतलं. एकाने विचारलं, "दिवसच चुकतो तर औषधाचं प्रमाण बरोबर कशावरून?" याला उत्तर नव्हतं माझ्याकडे.

काकांच्या नोंदी परत भरून द्यायला रविवारी दिंडोरीला गेलो होतो. ओट्यावर बसून त्यांनी वही वाचली, मी टाइप केलं. वहीला डाव्या कोपऱ्यात भोक पाडून सुतळीने पेन बांधलेला. निघताना सांगितलं की नोंदी आपोआप चढतील असा नवीन बिल्ड पाठवलाय, रिव्ह्यूमध्ये आहे.

"आला की सांगा," म्हणाले. "तोवर लिहितोच आहे मी."

सेहेचाळिसावा दिवस होता. आज एकोणपन्नासावा. बिल्ड अजून रिव्ह्यूमध्येच आहे.