सागवानी पणजोबा

डायनिंग रूमसाठी अँटिक कपाट घ्यायचं तर आधी डायनिंग रूम हवी, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. बिल्डरच्या नकाशावर हॉल आणि किचनच्या मधे ‘डायनिंग’ असं लिहिलेली जी जागा असते, जिथे फ्रिजचं दार पूर्ण उघडलं की बेसिनवर हात धुणारा माणूस पलीकडेच अडकतो, तीच तुमची डायनिंग रूम. टेबलाची एक बाजू भिंतीला टेकवलेली आहे आणि तिकडच्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे बसतात. कपाटासाठी याहून योग्य जागा शोधून सापडायची नाही. टेप घेऊन मापं काढत बसू नका. माप काढणारी माणसं शेवटी लॅमिनेटचे नमुने बघायला जातात.

कपाट कसं, तेही एकदा पक्कं करा. खाली दोन बंद दारं, त्यांच्यावर दोन खण, मग वाडगं टेकवण्यापुरती फळी, त्याच्या वर काचेच्या दारांची मांडणी आणि डोक्यावर कोरीव महिरप. एवढं ठरलं की लाकूड, रंग, किंमत असल्या किरकोळ गोष्टींत न अडकता सरळ घराणं निवडायला घ्या.

मुंबईच्या चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर, जवळजवळ प्रत्येक कपाट कुठल्या ना कुठल्या पारशाच्या घरून आलेलं असतं. म्हातारा एकटा, मुलं कॅनडात, बंगला बिल्डरकडे. एवढ्या कपाटांना पुरतील इतके पारशी या शहरात कधी होते का, हा हिशेब तिथे उभं राहून करू नये. त्यांच्याकडे असा माल होता हे मात्र खरं. एकोणिसाव्या शतकात चीनशी व्यापार करणाऱ्या पारशी घराण्यांनी कँटनहून चिनी मातीची भांडी आणली, आणि ती चारचौघांना दिसायची तर काचेची दारं लागणारच. गोव्याला गेलात की तेच कपाट शिसवी होतं आणि पोर्तुगीज होतं. कोचीच्या मट्टनचेरीत ते ज्यू असतं, तमिळनाडूतल्या कराईकुडीत चेट्टियार व्यापाऱ्याचं. मराठी गिऱ्हाइकाला यातलं काहीच मनापासून आपलं वाटत नाही, म्हणून त्याच्यासाठी आत एक वेगळा माल राखून ठेवलेला असतो : ‘सरदारांच्या वाड्यातला’.

हा घेताना एक बारीकशी अडचण येते. सरदार जेवायचे पाटावर. समोर केळीचं पान नाहीतर चांदीचं ताट, भोवती रांगोळी, वाढणारी सोवळ्यात. काचेला आणि चिनी मातीला त्या सोवळ्यात थारा नव्हता. पुढे चहा आला तेव्हासुद्धा कित्येक घरांत कपबश्यांची सोय स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर, कुठल्यातरी कोनाड्यात झाली. पितळेची भांडी भिंतीवरच्या मांडणीत, बरण्या फडताळात, दूधदुभतं जाळीच्या कपाटात, आणि त्या कपाटाचे चारही पाय पाण्याने भरलेल्या वाट्यांत, मुंग्या चढू नयेत म्हणून. 1818 साली पेशवाई बुडाली ती जेवणाच्या टेबलाला गुडघा न लावता. तेव्हा कोणी ‘पेशवेकालीन क्रोकरी कपाट’ दाखवलं तर हसू नका. गंभीर चेहऱ्याने विचारा, ‘थोरल्या माधवरावांच्या वेळचं, की सवाई?’ दुकानदार सवाईच सांगेल. सवाई म्हटलं की भाव सव्वापट होतो.

तुम्हाला काय हवंय ते त्याने दारातच ओळखलेलं असतं. टेबलाशी ताठ बसून जेवणारे, काटा डाव्या हातात आणि सुरी उजव्या हातात बिनचूक धरणारे पणजोबा. ते तुमच्याकडे नव्हते. तुमचे पणजोबा ओसरीवर पाट मांडून पिठलं-भात ओरपून उठले आणि धोतराला हात पुसत शेताकडे गेले. कपाट घेतलं की त्यांच्या जागी दुसरे मिळतात, तेही आयते पॉलिश केलेले.

साग मात्र बर्माचाच हवा असा हट्ट धरा. त्यामागे इतिहास आहे आणि तो पाहुण्यांना सूप गार होईपर्यंत सांगता येतो. 1863 साली मुंबईत स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ब्रह्मदेशातून सागाचे ओंडके नेत होती. कंपनीने नेले जास्त आणि भरणा केला कमी, असं म्हणत तिथल्या दरबाराने 1885 मध्ये सुमारे 23 लाख रुपयांचा दंड ठोकला. इंग्रजांना निमित्तच हवं होतं. नोव्हेंबरात फौज निघाली, पंधरवड्यात राजधानी मंडाले पडली आणि थिबा राजाला कुटुंबकबिल्यासकट उचलून पुढच्या वर्षी रत्नागिरीला आणून ठेवलं. लाकूड मुंबईला, राजा कोकणात. त्याच्यासाठी राजवाडा उभा राहीपर्यंत 1910 उजाडलं आणि 1916 मध्ये राजा तिथेच वारला. लाकडाच्या हिशेबावरून एक आख्खं राज्य गेलं. तुम्हाला कपाटाची पक्की पावती मिळणार नाहीये, त्यामुळे तुमच्या बाबतीत ती भीती नाही.

कपाट खरं जुनं आहे का, हे ओळखायच्या काही खुणा असतात. त्या पाठ असाव्यात, म्हणजे नेमक्या टाळता येतात. कपाटाच्या मागे जाऊ नका. मागची बाजू कोणाला दिसायची नाही म्हणून जुना सुतार ती नुसता रंधा मारून सोडून द्यायचा. बोटं फिरवली की तिथे हलक्या लाटा लागतात. तुमच्या बोटांना प्लायवूड लागेल आणि उगीच दिवस खराब होईल. खण बाहेर ओढून कोपरा तपासू नका. खणाच्या कोपऱ्यात फळ्या एकमेकींत अडकवणारे पारव्याच्या शेपटीसारखे सांधे, म्हणजे डव्हटेल, हाताने कापलेले असतील तर एक जाड, एक बारीक, थोडे तिरपे असे असतात, मशीनचे सगळे एका मापाचे. खणात नाक तर मुळीच घालू नका. आत डांबरगोळीऐवजी ताज्या पॉलिशचा वास येतो.

खणाच्या लाकडी मुठीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे बरेच हुशार लोक फसतात, म्हणजे खरेदी न करता घरी जातात. लाकूड रेषेच्या लांबीत फारसं आकसत नाही, आडवं आकसतं. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वी काताऱ्याने अगदी गोल कातलेली मूठ आज दोन्ही बाजूंनी मापली तर एकीकडून केसभर कमी भरते. तुमची मूठ चहूबाजूंनी ठणठणीत गोल निघाली तर खिन्न होऊ नका. बायकोकडे वळून मोठ्याने म्हणा, ‘काय काम करायचे पूर्वीचे लोक!’ बिजागरीच्या स्क्रूवर चार पाकळ्या दिसल्या तर चष्मा पुसायला घ्या. तो स्क्रू अमेरिकेत 1930 च्या दशकात निघाला आणि कपाट आहे 1890 चं. त्यांची ओळख कुठे झाली हा त्या दोघांचा खासगी प्रश्न. काच बेल्जियमची असते. बेल्जियमहून काच इकडे खरोखरच येत असे, आणि त्या काळच्या काचेतून पलीकडचा माणूस किंचित वाकडा दिसायचा. ही काच अगदी नितळ आहे? फ्लोट पद्धतीने अशी सपाट काच करायची युक्ती 1950 च्या दशकात इंग्लंडमध्ये सापडली, असा एक क्षुद्र विचार मनात येईल. येऊ द्या, जाऊ द्या.

आणि किडीची भोकं. ती तर दुकानदार स्वतःच दाखवतो, अभिमानाने, मोबाइलची बॅटरी मारून. सागाच्या गाभ्यात तेल असतं म्हणून त्याला कीड सहसा शिवत नाही, शिवलीच तर कडेच्या पांढुरक्या लाकडाला. आणि किडा आत वाकडातिकडा फिरतो, ड्रिल सरळ जातं. खिशात टाचणी असेल तर ती खिशातच राहू द्या. वरचा भाग एका कपाटाचा आणि खालचा दुसऱ्याचा, असंही पुष्कळदा असतं. पत्रिका न बघता लावलेली लग्नंसुद्धा टिकतात, पॉलिशचा रंग जुळल्याशी कारण.

कायद्याच्या भाषेत पुरावस्तू व्हायला 100 वर्षं लागतात, 1972 चा कायदाच आहे तसा. जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात हेच काम पॉलिश वाळेपर्यंत होतं. याला फसवणूक म्हणणं अन्याय ठरेल, कारण लाकूड खरंच जुनं असतं. गावोगावचे वाडे पाडतात, तुळया, वासे, खांब, दारं वखारीत जातात, तिथून कारखान्यात. वाशांच्या खिळ्यांची भोकं भुसा आणि फेव्हिकॉल कालवून बुजवली, चिरून फळ्या पाडल्या, की शंभर वर्षांच्या लाकडाचं गेल्या दिवाळीतलं कपाट तयार. तुमच्या काकांनी गावचं घर विकलं तेव्हा वखारवाल्याने टेम्पो भरून लाकूड नेलं होतं, आठवतंय? माजघरातलं फडताळ चौकटीसकट निघालं होतं आणि ते नेतोय म्हणून तुम्हीच त्याला हमालीचे पैसे दिले होते. तेव्हा कपाट नीट निरखून बघा, कुठल्यातरी फळीवर ओळखीची गाठ असेलही. ओळख दाखवू नका. भाव कमी होत नाही त्याने.

भाव करताना आपापसात मराठीत बोला. ‘अहो, आवडलंय मला, पण चेहऱ्यावर दाखवू नका,’ हे वाक्य दुकानदाराने वडिलांच्या गादीवर बसल्यापासून ऐकलेलं आहे, आणि तो इतका सुसंस्कृत असतो की आपल्याला मराठी येतं हे शेवटपर्यंत कळू देत नाही. तो फक्त म्हणेल, ‘साहब, ये पीस दुबारा नहीं मिलेगा.’ बाजूच्या दोन दुकानांत त्याचे सख्खे भाऊ उभे असतात, तिकडे बघू नका. शुक्रवारी जाऊ नये हे मात्र गंभीरपणे सांगतो. त्या दिवशी अँटिकची दुकानं बंद आणि रस्त्यावर जुम्म्याचा बाजार. त्यात तुम्ही जुन्या दुर्बिणीत अडकाल आणि कपाट राहून जाईल.

घरी आणताना ते लिफ्टमध्ये मावणार नाही. मावलं तर ते अँटिक नाही. हमाल चौथ्या मजल्याच्या वळणावर महिरप उतरवून ठेवतील आणि ‘वरचं नंतर लावा’ म्हणून जातील. ती पुढे बरेच दिवस बेडमागे राहते. संध्याकाळी सासूबाई येऊन बघतील, हात लावतील, वाकून खालचं दार उघडतील आणि म्हणतील, ‘अगं, असलंच होतं की आमच्याकडे गोठ्यात. पेंड ठेवायचो.’ सुनेने अशा वेळी उत्तर देऊ नये, त्यांना चहा द्यावा, शक्यतो नव्या कपबशीत.

आता ते भरायचं. वरच्या काचेमागे लग्नात आलेले लेमन सेट शोभतील. पाच आहेत, खोक्यातून एकदाही बाहेर न आलेले, त्यातला एक तुम्ही पुढच्या लग्नात देणार होतात, तो आता देता येणार नाही. बोन चायनाचा सेट मधल्या फळीवर. त्याला हात लावायचा नाही हे मुलांना एकदा आणि नवऱ्याला दर रविवारी सांगावं लागेल. ‘चि. सौ. कां. हिस आत्याकडून सप्रेम भेट’ असं कोरलेलं स्टीलचं पातेलं पुढे आलं तर पोर्तुगीज घराण्याला बाध येतो, ते मागे सरकवा. खालच्या बंद दारांआड मिक्सरचं रिकामं खोकं, दिवाळीच्या माळा, मोदकाचं पात्र, कापडी पिशव्यांनी भरलेली एक कापडी पिशवी, आणि 2018 च्या बंदीनंतर टाकवतही नाही आणि दाखवताही येत नाही असं थर्माकोलचं मखर. रोजची ताटं-वाट्या मात्र सिंकच्या वरच्या स्टीलच्या जाळीतच राहतील, कारण कपाटाचं दार उघडायचं तर टेबल सरकवावं लागतं.

काही वर्षांनी सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाईल. भाड्याच्या घरात कपाट मावणार नाही आणि नव्या इमारतीच्या नकाशावर ‘डायनिंग’ हा शब्दही नसेल. मग तुम्ही चोर बाजारातल्या एखाद्याला फोन कराल. तो येईल, न विचारता आधी मागे जाईल, खण ओढून कोपरा बघेल, मूठ चिमटीत फिरवेल, भोकात टाचणी घालेल आणि म्हणेल, ‘ये तो ओशिवरा का माल है, साहब.’ जो आकडा सांगेल तो मुकाट्याने घ्या, हमालीचं तेवढं आधी बोलून ठेवा. महिन्याभरात त्याच कपाटासमोर एक तरुण जोडपं उभं असेल आणि तो त्यांना सांगत असेल, एका जुन्या मराठी घराण्याकडून आलंय, चार पिढ्या जेवल्या याच्यासमोर, मुलं बाहेर, म्हातारी विकायला तयार नव्हती.