हजार फुटांखाली समुद्र नाही, दाजी

‘मराठवाड्यात दुष्काळ नाहीच, तो पेपरवाल्यांनी तयार केलाय’ हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. मी दुर्लक्ष करत होतो. परवा तो अंबडच्या दाजींनी पाठवला आणि खाली लिहिलं, ‘बोअरची गाडी सांगितलीय, हजार फूट मारू.’ मोसंबी वाळतेय त्यांची. आता बोलावंच लागेल.

मेसेजमध्ये चार गोष्टी आहेत. हजार फुटांवर गोड्या पाण्याचा समुद्र आहे, तळहातावर नारळ उभा राहिला की जागा पक्की. इस्रायलात पाऊस आपल्यापेक्षा कमी, तरी तिथं दुष्काळ नाही. नद्या खोल केल्या की प्रश्न मिटला. आणि टँकरच्या बातम्या पैसे घेऊन छापतात.

आधी समुद्र. आपल्या पायाखाली लाव्हाचे एकावर एक थर आहेत, बेसाल्ट. पाणी असतं ते वरच्या मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. खाली जावं तशा भेगा कमी होत जातात. मग काळा पाषाण लागतो आणि नुसती भुकटी उडते. एखाद्याला सातशे फुटांवर दोन इंची पाणी लागतं, हे खरं. गावभर चर्चा त्याचीच होते, फेल गेलेल्या बोअरचं कोण सांगतो? आणि ते पाणी वर्षानुवर्षं साठलेलं असतं, एका पावसाळ्यात भरून येत नाही. थोडे दिवस बाग हिरवी दिसते, मग मोटर हवा ओढायला लागते. 2012-13 साली जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा जळाल्या, त्या काय बोअर नव्हते म्हणून?

महाराष्ट्राच्या 2009च्या भूजल अधिनियमात 60 मीटरपेक्षा जास्त खोल विहीर शेतीसाठी किंवा उद्योगासाठी नव्यानं घ्यायला मनाई आहे. बोअरही त्यात आलाच. 60 मीटर म्हणजे दोनशे फूट, दाजी! तुम्ही पाचपट खाली निघालात. हा कायदा कुणी पाळत नाही, ते मलाही दिसतं. पण उथळ पाणी दरवर्षी मुरतं, खोल पाणी एकदा उपसलं की गेलं, एवढं तरी त्यातून समजून घ्या. नारळावर मी वाद घालणार नाही. पाणाड्या चुकला तरी गाडीवाला फुटाचे पैसे घेतोच आणि कर्ज तुमच्या नावावर राहतं. त्याआधी एकदा जालन्यात भूजल सर्वेक्षणवाल्यांकडं जाऊन या.

इस्रायल. दक्षिणेकडं पाऊस आपल्यापेक्षा खूपच कमी, कबूल. पण ते समुद्राचं पाणी गोडं करून पितात, सांडपाणी शुद्ध करून शेतीला देतात. 1959च्या कायद्यानं तिथलं सगळं पाणी सार्वजनिक मालकीचं आहे. माझं रान, माझा बोअर हे तिथं चालत नाही. आपण मांजरा खोऱ्यात ऊस लावतो आणि उदाहरण इस्रायलचं देतो.

नद्या खोल करणं: नाले-नद्या खोल करण्याचं काम ज्यात होतं, त्या जलयुक्त शिवार योजनेवर हजारो कोटी खर्चून भूजल पातळीवर फारसा परिणाम झाला नाही, असं सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगनं 2020 साली सांगितलंय. पुढं.

राहिले पेपरवाले. 12 एप्रिल 2016ला मिरजहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, दहा वॅगन, पाच लाख लिटर. मार्चमध्येच पाणी भरण्याच्या ठिकाणी 144 कलम लागलं होतं. हे सगळं तालुका वार्ताहरानं रचलं? लातूरला पाणी देणारं मांजरा धरण त्यानं आटवलं? आडातच नव्हतं, तर पोहऱ्यात कुठून येणार होतं?

तरी या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, नाइलाजानं मान्य करतो. मार्च उजाडला की तीच भेगाळलेली जमीन आणि डोक्यावर हंडा घेतलेली तीच बाई छापून येते. टँकर कुणाचे, फेऱ्या खरंच झाल्या का, हे क्वचितच कुणी खणून काढतं. ऑक्टोबरात भूजल यंत्रणा विहिरींची पातळी मोजते, तेव्हाच उन्हाळ्याचा अंदाज येतो. ती बातमी आली, तरी आतल्या पानावर चार ओळींत. वार्ताहराकडं तेव्हा ती कुणी मागतही नाही, कारण फोटो काढण्यासारखं काही नसतं.