18 डिग्रीला कोण मरतं?

डिसेंबर लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरून येतो. यंदा तो तीन ग्रुपांवर आला, तिन्हीकडे 'जसा आला तसा पुढे पाठवतोय' अशी शेपटी लावून. मजकूर थोडक्यात असा: ठाण्यात थंडी असते कुठे, 18 डिग्रीला कोण मरतं? अमेरिकेत बर्फ पडतो म्हणून तिथे बेघरांसाठी वॉर्मिंग सेंटर उघडतात, आपल्याकडे ही नक्कल कशाला? आहेत ते निवारे रिकामे पडलेत, कारण तिथे दारू चालत नाही. त्यापेक्षा माणशी एक ब्लँकेट द्या आणि विषय संपवा. निवारे वाढवले तर बाहेरून लोंढे येतील, आणि भुर्दंड आपल्या टॅक्सवर.

गेले काही हिवाळे आम्ही चार-पाच जण स्टेशन ते जांभळी नाका या पट्ट्यात रात्री चक्कर मारतो. संस्था वगैरे काही नाही. थर्मास, बिस्किटं, कुणाला ताप असला तर रिक्षा, एवढंच. त्या चकरांच्या जोरावर लिहितोय.

आधी ते 18 डिग्री. वेधशाळेचं तापमान जमिनीपासून चार-साडेचार फूट उंचीवर, सावलीतल्या पेटीत मोजतात. झोपणारा माणूस मात्र फरशीवर असतो. फरशी त्याच्या अंगापेक्षा किती तरी थंड असते आणि रात्रभर त्याची ऊब ओढत राहते. म्हणून रस्त्यावर मुरलेला माणूस अंगावर काय घ्यायचं हे नंतर बघतो, अंगाखाली काय घालायचं हे आधी. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा मिळाला तर त्या रात्रीपुरता तो श्रीमंत. त्यात दव पडतं. पहाटे चारला कुणाच्या गोधडीला हात लावून बघा, वरचा थर ओलसर लागतो. बाजाराच्या अंगाला तर पहाटे पाणी मारून रस्ता धुतात आणि ते पाणी उताराला लागून थेट पुठ्ठ्याखाली जातं. ओलं झालेलं अंग कोरड्यापेक्षा कैक पटींनी लवकर गार पडतं. शरीराचं तापमान 35 अंशांखाली उतरलं की डॉक्टर त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्याला बर्फ लागतोच असं नाही. म्हातारं शरीर, रिकामं पोट, भिजलेले कपडे आणि वारा एवढ्यावरही भागतं.

हवामान खात्याचंही गणित किनाऱ्याला वेगळं आहे. मैदानात थंडीची लाट म्हणायला पारा 10 अंशांपर्यंत यावा लागतो. किनारपट्टीवर सरासरीपेक्षा साडेचार अंश घट आणि किमान तापमान 15 किंवा त्याखाली, एवढ्यावर लाट म्हणता येते, कारण इथे वाऱ्यामुळे थंडी आकड्यापेक्षा जास्त बोचते.

मेसेजमधलं एक मात्र मान्य. ठाणे म्हणजे दिल्ली नव्हे, इथे हीटर नकोत. कोरडी जमीन, वारा अडवणारी भिंत आणि रात्री उघडणारं दार हवंय.

आता नक्कल. न्यूयॉर्कमध्ये रात्रीचा पारा शून्य अंशावर किंवा खाली जाणार असला, वाऱ्याचा हिशेब धरून, की 'कोड ब्लू' लागू होतो आणि त्या रात्री निवाऱ्याच्या दारातून कुणाला परत पाठवत नाहीत. पारा चढला की तो उठतो. आपल्याकडची व्यवस्था तशी नाहीच. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ते बारमाही, चोवीस तासांच्या निवाऱ्यांबद्दल, मोठ्या शहरांत लाख वस्तीमागे एक. पुढे 2013 मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातल्या निवारा योजनेनेही तेच धरलं: लाखामागे किमान 100 जणांची सोय, माणशी 50 चौरस फूट. 2011च्या जनगणनेत ठाणे महापालिकेची वस्ती 18.41 लाख, नवी मुंबईची 11.20 लाख. म्हणजे त्या जुन्या आकड्यावरही इकडे 18 आणि तिकडे 11 निवारे. तुमच्या प्रभागात किती आहेत ते तुम्हीच मोजा. अमेरिकेची नक्कल करायचीच झाली तर एक करण्यासारखी आहे: तिथे थंडीत वाचनालयं आणि कम्युनिटी हॉल उघडतात. आपली समाजमंदिरं रात्री कुलूपबंद असतात.

'निवारे रिकामे' हा मुद्दा सगळ्यांना पटतो, कारण तो डोळ्यांना दिसतो. मलाही दिसलाय. मागच्या जानेवारीत साठीचे एक काका भेटले. घोडबंदर रोडवरच्या हॉलमध्ये केटरिंगची भांडी घासून पावणेअकराला सुटलेले, पँट गुडघ्यापर्यंत ओली. आम्ही त्यांना रिक्षात घालून एका निवाऱ्यावर नेलं, कुठल्या ते राहू द्या. पोचायला अकरा वीस झाले. गेटला साखळी. वॉचमन माणूस सभ्य होता. म्हणाला, "नोंद दहाला बंद होते, साहेब. आणि यांचं आधार आहे का?" आधार कार्ड ज्या पिशवीत होतं ती पिशवी लोकलमध्ये गेलेली. गेटमधून आत दिसत होतं: लांब हॉल, ट्यूबलाइट, भिंतीला लावून रचलेल्या गाद्या आणि झोपलेले सात जण. त्या रात्रीच्या रजिस्टरला सातच लागले असणार. मेसेजवाल्याचा पुरावा तो हाच.

काका आम्हाला काही बोलले नाहीत. परत स्टेशनपाशी सोडलं तेव्हा त्यांची पायरी दुसऱ्याने धरली होती. मग मात्र म्हणाले, "तुमच्या नादी लागून माझी जागा गेली." त्यानंतर आम्ही आधी फोन करून विचारल्याशिवाय कुणालाही रिक्षात बसवत नाही.

दार उघडं असलं तरी अडचणी संपत नाहीत. नवरा, बायको, दोन पोरं असतील तर पुरुषांच्या निवाऱ्यात बाईने कुठे जायचं? भंगार वेचणाऱ्याने दिवसाची कमाई असलेलं पोतं गेटबाहेर ठेवायचं का? तुर्भ्याच्या एपीएमसी घाऊक बाजारात रात्री ट्रक खाली करणाऱ्या हमालाला झोप हवी ती सकाळी, आणि सकाळीच जिथे बाहेर काढतात तो निवारा त्याच्या काय कामाचा? योजनेच्या कागदात हे सगळं आहे, बरं का. बायकांची, कुटुंबांची वेगळी सोय, आणि जागा स्टेशन, बस डेपो, बाजार यांच्या जवळ. मजूर जिथे कामासाठी उभे राहतात तो नाका सकाळी सातला भरतो. पाच किलोमीटरवर झोपलेल्याचा रोज, म्हणजे त्या दिवसाची मजुरी, बुडतो.

जांभळी नाक्याजवळ एक आजी आहेत. त्या रात्री झोपतच नाहीत, बंद शटरला पाठ लावून बसून राहतात, आणि दिवसा तलावपाळीच्या बाकावर आडव्या होतात. सकाळी फिरायला येणारे त्यांना आळशी म्हणतात. बाई माणसाने रात्री उघड्यावर डोळा लावणं म्हणजे काय, हे मेसेज लिहिणाऱ्याने घरातल्या कुणाला तरी विचारावं.

दारूचं म्हणाल तर पिणारे आहेत, नाही कशाला म्हणू? पण दारूने ऊब येते हा भ्रम आहे. कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंग गरम वाटतं आणि आतली ऊब बाहेर पडत राहते. म्हणजे थंडीच्या रात्री सगळ्यात धोक्यात असतो तो प्यायलेलाच, आणि त्यालाच दारातून परत पाठवतात.

ब्लँकेट आम्हीही वाटली. पहिल्या वर्षी 40. पंधरा दिवसांनी निम्मीसुद्धा दिसेनात. काही विकली गेली, खोटं कशाला सांगू? बाकीची भिजली, चोरीला गेली, किंवा मालक कामावर असताना बोचक्यासकट उचलली गेली. चार किलोचं ब्लँकेट काखेत घेऊन कुणी भांडी घासायला जात नाही. तेव्हापासून मला वाटतं, ब्लँकेटपेक्षा कुलूप लागणारा एक कप्पा जास्त उपयोगाचा.

लोंढ्यांचं उत्तर छोटं आहे. निवारा योजना 2013ची. बेघरांची मोजणी 28 फेब्रुवारी 2011च्या रात्री झाली, पुलांखाली, पाइपांत, फलाटांवर, देवळांच्या मंडपांत, आणि तेव्हाच महाराष्ट्रात दोन लाखांवर माणसं उघड्यावर सापडली होती. लोक येतात ते नाक्यावर रोज मिळतो म्हणून. आणि बाहेरचे म्हणजे कुठले? आमच्या पट्ट्यात गाव विचारलं तर परभणी, जालना, वाशिम ही नावंही तेवढीच ऐकू येतात.

राहिला टॅक्स. माणशी 50 चौरस फूट. एका मोठ्या गाडीच्या पार्किंगचा चौकोन अडीच मीटर बाय पाच मीटर धरतात, म्हणजे 134 चौरस फूट. एका गाडीच्या जागेत अडीच माणसं.

ज्या ग्रुपवर हा मेसेज आला तिथेच त्याच आठवड्यात ठराव आला होता: उघड्यावरच्या गाड्यांवर रात्रभर दव पडून रंग खराब होतो, तरी पत्र्याची शेड टाकावी. रविवारी मीटिंगमध्ये तो मंजूर झाला. माझीही गाडी उघड्यावरच असते, मीही हात वर केला.