मांजरीचा डावा कान

बायकोच्या आत्यांनी दिलेल्या चिनी मातीच्या मांजरीचा डावा कान माझ्या हातून उडाला, तेव्हा मी ती पुसत होतो. हे मुद्दाम नमूद करतो, कारण या घरात मी कधी काही पुसत नाही असा माझ्यावर जुना आरोप आहे. कान कपाटाखाली गेला आणि तिथून व्हॅक्यूम क्लीनरच्या पोटात. तो दिवस मंगळवार. आत्या रविवारी येणार होत्या.

शहाण्या माणसाने मांजरीचं तोंड भिंतीकडे वळवलं असतं आणि विषय संपवला असता. पण मी नुकतेच फोटोग्रामेट्रीवरचे तीन व्हिडिओ बघितले होते. वस्तूचे चहूबाजूंनी फोटो काढायचे. सॉफ्टवेअर त्यांतल्या सारख्या खुणा जुळवतं, कुठला फोटो कुठून काढला ते हुडकतं आणि वस्तूचं थ्री-डी मॉडेल उभं करतं. उजवा कान स्कॅन करायचा, आरशातल्यासारखा उलटवायचा, थ्री-डी प्रिंटरवर छापायचा, चिकटवायचा. दोन तासांचं काम!

ही विद्याच मुळात जिवावरच्या प्रसंगातून निघाली आहे. १८५८ साली आल्ब्रेख्ट मायडेनबाउअर हा जर्मन गृहस्थ वेट्झलारच्या कॅथीड्रलची मापं घेताना उंचावरून पडता पडता वाचला. इमारतीवर चढण्याऐवजी तिच्या फोटोंवरूनच मापं काढावीत, हे त्याला तेव्हा सुचलं. थोडक्यात, माणूस पडू नये म्हणून शोधलेली पद्धत. मी तिसऱ्याच फोटोला स्टुलावरून पडलो.

प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निदान साठ-सत्तर टक्के भाग परत यावा लागतो, म्हणून एक पाऊल, एक फोटो, एक पाऊल, एक फोटो. एक फेरी खालून, एक मधून, एक वरून. एकूण १६८ फोटो. बायको दारात उभी राहून बघत होती. "बघ हं," ती म्हणाली, "तिला चक्कर येईल."

रात्रभर लॅपटॉपचा पंखा घोंघावत होता. सकाळी मॉडेल तयार. टेबलक्लॉथ तर असा आला होता की बघत राहावं! धागा न् धागा, कोपऱ्यातला शाईचा जुना डागसुद्धा. आणि त्या टेबलक्लॉथच्या वर, वीतभर उंचीवर, हवेत तरंगणाऱ्या सहा मिशा. मधे एक गुलाबी नाक. मांजर नव्हती.

कारण नंतर कळलं. सॉफ्टवेअर वस्तू ओळखतं ती तिच्यावरच्या डागांवरून, रेघांवरून, खरखरीतपणावरून. गुळगुळीत पांढऱ्या पृष्ठभागावर त्याला धरायला काहीच मिळत नाही. शिवाय चकाकी आपण सरकलो की सरकते. तिला खूण समजावं तर ती दर फोटोत वेगळ्या जागी. निष्कलंक असण्याची एवढी शिक्षा मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. सबंध मांजरीत जुळण्यासारखं होतं ते फक्त वरून ब्रशने रंगवलेलं नाक आणि मिशा.

शेजाऱ्याचा लायडारवाला फोनही आणून पाहिला. लेझरचे किरण जाऊन परत यायला किती वेळ लागतो त्यावरून तो अंतर मोजतो. आमची बैठकीची खोली त्याने झकास उतरवली. मांजर मात्र वितळलेल्या साबणाच्या वडीसारखी. एवढासा जीव हे त्याचं कामच नव्हे.

स्कॅनिंगच्या दुनियेतला सगळ्यात नावाजलेला प्राणी म्हणजे अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचा ससा. १९९४ साली स्कॅन केलेला, संगणकात ६९,४५१ त्रिकोण जोडून उभा केलेला. मूळ ससा भाजलेल्या लाल मातीचा होता, बिनचकाकीचा. हुशार लोक आधी वस्तू निवडतात. मला ती आत्यांनी निवडून दिली होती.

गुरुवारी मी मांजरीला टाल्कम पावडर फासली आणि जुन्या टूथब्रशने तिच्यावर जलरंगाचे शिंतोडे उडवले. चकाकी गेली, डाग आले. आता मी फिरण्याऐवजी तिलाच फिरत्या पाटावर ठेवलं. मॉडेल आलं ते मागच्या पुस्तकांच्या कपाटाचं! मांजर फिरत होती, कपाट स्थिर होतं. सॉफ्टवेअरने कपाटावर विश्वास ठेवला आणि मांजरीला भास ठरवलं. मग मागे पांढरी चादर. ती बायकोने नेमकी तेव्हाच धुऊन आणली होती, आणि टूथब्रशवर अजून रंग होता. तो संवाद इथे देत नाही.

पण कान आला. अगदी टोकाच्या वळणासकट.

तो छापला आणि बोटावर घेतला, तर तांदळाच्या दाण्याएवढा. नुसत्या फोटोंवरून आकार कळतो, माप कळत नाही. शेजारी पट्टी ठेवून तिचा फोटो घ्यावा लागतो, हे तिन्ही व्हिडिओंत सांगितलं होतं. मापात फसणारा मी पहिला नव्हे. त्याच स्टॅनफर्डच्या मंडळींनी १९९९ मध्ये मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा स्कॅन केला. पुस्तकांत त्याची उंची ४३४ सेंटीमीटर, प्रत्यक्षात तो निघाला ५१७. स्कॅनर ठेवायची घोडी ऐन वेळी उंच करावी लागली. मला या गोष्टीने फार धीर आला. बायकोला आला नाही.

दुसरा कान मापात आला, पण उलटवायला विसरल्यामुळे उजवाच. तिसरा बसला. मग पावडर, रंग, सगळं साबणाच्या पाण्यात स्पंजने घासून घासून काढलं आणि मांजर लख्ख करून जागेवर ठेवली.

रविवारी आत्यांनी चष्मा लावून तिला हातात घेतलं. अंगठा कानावरून फिरला, पुढे गेला. मी श्वास सोडला.

"अगं," आत्या म्हणाल्या, "हिच्या मिशा कुठं गेल्या?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी निमूटपणे लॅपटॉप आणला, बुधवारचं पहिलं मॉडेल उघडलं आणि आत्यांसमोर ठेवलं.

"या इथे आहेत," म्हणालो.