खायच्या सोड्याने रीफ टँकचा पीएच सुधारत नाही

ठाणे-नवी मुंबईत घरी रीफ टँक (खाऱ्या पाण्यात जिवंत कोरल, म्हणजे प्रवाळ, वाढवायची टाकी) ठेवणाऱ्यांमध्ये पावसाळा आला की एक मेसेज फिरतो. पीएच ८.३ च्या खाली गेला तर रोज चमचाभर खायचा सोडा टाका, कोरल मिटलं तर कॅल्शियम वाढवा, नवी मुंबईला येणारं मोरबे धरणाचं पाणी चांगलं आहे म्हणून आरओ नको, आणि पाणी बदलायला खाडी आहेच. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण या सल्ल्याने कोरल मरतात.

पावसाळ्यात पीएच पडतो, इतकं त्यातलं खरं. पण कारण बहुतेक वेळा खोलीत असतं. खिडक्या बंद, रात्रभर एसी, आणि स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवत राहतो. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे ४२० पीपीएम (दहा लाखांत ४२० भाग) असतो. बंद बेडरूममध्ये दोघं-तिघं झोपले की पहाटेपर्यंत तो सहज हजारावर जातो. तो टँकच्या पाण्यात विरघळतो, आणि हा वायू दुप्पट झाला की पीएच साधारण ०.३ ने उतरतो. ८.२ चा ७.९ होतो आणि अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची क्षमता, मात्र होती तेवढीच राहते.

पडताळणी सोपी आहे. टँकमधलं ग्लासभर पाणी गॅलरीत न्या, एअर पंपाने तासभर बुडबुडे सोडा आणि पीएच पुन्हा मोजा. चढला, तर दोष घरातल्या हवेचा. नाही चढला, तर अल्कलिनिटी तपासा.

सोडा वाढवतो ती अल्कलिनिटी. टाकल्या टाकल्या पीएच उलट किंचित उतरतो. १०० लिटर पाण्यात ५ ग्रॅमचा चमचा टाकला की अल्कलिनिटी सुमारे १.७ डीकेएच (अल्कलिनिटीचं एकक) वाढते. नव्या टँकमध्ये कोरल थोडे, खप नगण्य. म्हणजे चार दिवसांत ८ चे जवळजवळ १५! आणि खोलीची हवा तशीच ठेवून पीएच ०.३ ने चढवायचा, तर अल्कलिनिटी दुप्पट करावी लागते. तोवर हीटरवर आणि पंपाच्या इम्पेलरवर पांढरी पुटं चढलेली असतात, कॅल्शियम खाली आलेलं असतं, आणि एक्रोपोरा या फांद्यांच्या कोरलची टोकं पांढरी पडू लागतात. त्यापेक्षा खिडकी फटभर उघडा, किंवा स्किमरची (बुडबुड्यांनी पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी एसीच्या पाइपच्या भोकातून बाहेर काढा. मुळात ८.३ चा हट्टच कशाला? खुल्या समुद्राचा पीएच ८.१ च्या आसपास असतो, आणि ७.९ ला स्थिर असलेल्या टँकमध्येही कोरल वाढतात.

कॅल्शियमचं म्हणाल, तर आधी खारटता मोजा. रिफ्रॅक्टोमीटर (खारटता मोजायचं उपकरण) ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग मिठाच्या) द्रावणाने जुळवून घ्या, साध्या पाण्याने नको. खारटता ३० वर आली असेल, तर ४२० चं कॅल्शियम ३६० दिसणारच. तिथे कमी आहे ते मीठ. शिवाय कोरल २० पीपीएम कॅल्शियम वापरतं तेव्हा अल्कलिनिटी २.८ डीकेएच उतरते. म्हणजे खपाची चाहूल अल्कलिनिटीत आधी लागते. दोन्ही टिकत नसतील तर मॅग्नेशियम बघा, ते १३०० च्या जवळ हवं.

मोरबेच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) कमी, मान्य. पण ०.१ पीपीएम फॉस्फेट टीडीएस मीटरला दिसत नाही, शेवाळाला पुरतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, तांबंही असू शकतं. पाणी उडतं, फॉस्फेट आणि तांबं मागे उरतं आणि प्रत्येक टॉप-अपबरोबर साठत जातं. स्वयंपाकघरातला आरओसुद्धा चालत नाही. चवीसाठी त्यात बरेचदा थोडं मूळ पाणी परत मिसळलेलं असतं.

खाडीबद्दल. "फ्लेमिंगो येतात, म्हणजे पाणी उत्तम" हे तर्कट सोडा. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, ते मौल्यवानच आहे, पण फ्लेमिंगो येतात ते चिखलातल्या शेवाळासाठी. शेवाळ पोसणारं तेच पाणी तुम्ही कोरलवर ओतणार. त्यात पावसात खारटता कोसळते आणि काठावर औद्योगिक पट्टा आहे. पाणी बदलताना आरओ-डीआयच्या (आरओनंतर उरलेले क्षारही काढलेल्या) पाण्यात रीफ सॉल्ट घाला, रात्रभर पंप फिरू द्या, खारटता ३५ वर आणि तापमान टँकइतकं जुळलं की मगच ओता.