राजनिष्ठांचे पोवाडे आणि माझी "लाचारी": एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात ॲडॉल्फसटाउन इथे लॉयलिस्टांचं, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिश राजाच्या बाजूने राहून नंतर कॅनडात आलेल्या लोकांचं, स्मारक आहे. त्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "स्वातंत्र्यसैनिकांच्या महाराष्ट्रात जन्मलेल्या बाईने ब्रिटिश राजाच्या फितुरांचे पोवाडे गावेत, ही निव्वळ लाचारी आहे. त्यांनी मूळ रहिवाशांच्या जमिनी घेतल्या, गुलाम आणले, ते ताईंना दिसत नाही."

ताई म्हणायचं आणि पुढच्याच वाक्यात लाचार ठरवायचं, ही कुठली रीत? मतभेद मला चालतात. ही भाषा चालत नाही.

माझे आजोबा बेचाळीसच्या चळवळीत सातारा जिल्ह्यात भूमिगत होते. रात्री-अपरात्री झडती व्हायची आणि आजी ज्वारीच्या कणगीत पत्रकं लपवायची. त्यांचा ताम्रपट आजही थोरल्या काकांच्या ओसरीवर लावलेला आहे. इंग्रजांविरुद्ध लढणं म्हणजे काय, हे मला तुमच्याकडून शिकायची गरज नाही. त्याच आजोबांच्या या नातीने कॅनडाचं नागरिकत्व घेताना हात वर करून राणी एलिझाबेथ आणि तिच्या वारसांशी निष्ठेची शपथ घेतली. इथे नागरिक झालेल्या तुमच्या-माझ्या ओळखीच्या सगळ्यांनी घेतली. आमच्या घरी त्याला कुणी लाचारी म्हटलं नाही. आजोबा असते तर त्यांनीही म्हटलं नसतं, हे मी खात्रीने सांगते.

आता फितुरीचं. 1775 साली न्यूयॉर्क प्रांतातल्या शेतकऱ्याचा राजा एकच होता, तिसरा जॉर्ज. या माणसांनी बाजू बदलली नाही, बदलली ती शेजाऱ्यांनी. त्यापायी काहींच्या अंगावर डांबर ओतून पिसं चिकटवली गेली, कित्येकांची घरंदारं जप्त झाली. त्यात जर्मन होते, डच होते, स्कॉटिश डोंगरी लोक होते. सगळे कुणी लाटसाहेब नव्हते. 1781 मध्ये यॉर्कटाउनला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस शरण गेला, तेव्हा या लोकांना शिक्षा होऊ नये असं कलम त्याने मागितलं. अमेरिकन सेनापती वॉशिंग्टनने ते नाकारलं. हाच कॉर्नवॉलिस पुढे आपल्याकडे गव्हर्नर जनरल म्हणून आला आणि टिपूवरच्या स्वारीत हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन त्याच्या बाजूने लढले. त्यांना फितूर म्हणायची तुमची तयारी आहे का? असेल तर तसं स्पष्ट लिहा.

16 जून 1784 ला ॲडॉल्फसटाउनजवळ क्विंटे उपसागराच्या काठावर होड्यांतून उतरलेल्या माणसांबद्दल मी लिहिलं होतं. हिवाळा त्यांनी क्वेबेकमधल्या सोरेलला छावणीत काढला होता. समोर गच्च जंगल, वर तंबूचं कापड. टोपीत चिठ्ठ्या टाकून जमिनीचे तुकडे वाटले गेले. हातात सरकारी कुऱ्हाडी, त्याही आखूड दांड्याच्या, जहाजावर वापरायच्या. असल्या कुऱ्हाडीने दोन मिठीत न मावणारी झाडं पाडायची होती. पुढे राजाचा शिधा थांबला, पीक बुडालं, आणि 1788-89 हे इथे अजूनही भुकेचं वर्ष म्हणून ओळखलं जातं. सरकारी खिरापत खात बसलेल्या लोकांची ही गोष्ट आहे का? ओंटारियोचं ब्रीदवाक्यच आहे, "निष्ठेने आरंभ केला, निष्ठेनेच राहिला." ते या माणसांच्या जिवावर लिहिलं गेलंय.

गुलामीबद्दलचा परिच्छेद लेखात बराच खाली गेला, तो वर हवा होता, एवढं मान्य. पण "दिसत नाही"? लॉयलिस्टांनी गुलाम आणले, हे मी लिहिलंय. ब्रिटिशांच्या बाजूला येऊन स्वातंत्र्य मिळवलेल्या सुमारे 3000 कृष्णवर्णीयांची नोंदवही, नोव्हा स्कोशियातली त्यांची वसाहत बर्चटाउन, तिथे मिळालेल्या वागणुकीला कंटाळून 1792 मध्ये सिएरा लिओनला निघून गेलेले जवळजवळ 1200 लोक, हे सगळं त्यात आहे. आपला पुढारी जॉन डेसेरॉन्टो याच्याबरोबर आलेले मोहॉक हे मूळ रहिवासी लोकही आहेत. तेही राजाच्या बाजूने लढले, न्यूयॉर्कमधलं आपलं खोरं गमावून आले, आणि क्विंटेच्या काठावरच्या टायेंडिनागामध्ये दर मे महिन्यात तो उतरण्याचा दिवस आजही पाळतात. त्यांनाही फितूर म्हणणार? मिसिसागा या इथल्या मूळ रहिवाशांच्या जमिनीचा व्यवहार हा वेगळा विषय आहे, त्यात इथे शिरत नाही.

बाकीच्या मुद्द्यांवर वेळ घालवावा असं मला वाटत नाही. लेख अर्धा वाचून लिहिल्यासारखे ते आहेत.

19 जूनला ओंटारियोत लॉयलिस्ट दिन असतो. मी याही वर्षी जाणार आहे आणि त्यावर लिहिणारही आहे. तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. पुढच्या लेखावर जरूर लिहा, पण शेवटपर्यंत वाचून लिहा, आणि माझ्या जन्माची, मातीची मापं काढू नका.