घरीच तर आहेस की!

मी घरून सोलापुरी चादरी ऑनलाइन विकतो. म्हणजे अख्ख्या भावकीच्या हिशेबी मी रिकामटेकडा.

कुरिअरचा दर काढायला बसावं. खोक्याची लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले ५०००, हे आकारावरून धरलेलं वजन; काट्यापेक्षा ते जास्त निघालं की बिल त्याचंच. चादर फुगीर, त्यामुळे ४० बाय ३० बाय १५ सेंटिमीटरचा खोका काट्यावर दोन किलो भरला तरी बिल ३.६ किलोचं. एक आकडा चुकला की नफा गेला कुरिअरवाल्याच्या घशात. आणि नेमकी तेव्हाच हाक, "अरे, पाणी आलंय, मोटर लाव!" सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे ते एक माफ. पण मावशीला स्टेशनवरून आणायचं मीच? शेजारच्या काकांचं लाइट बिलही मीच भरायचं? दाजींचा फोन, "चाटी गल्लीत जाऊन साड्यांचा भाव काढून ये की, घरीच तर आहेस." दादा ऑफिसात असतो, त्याला दिवसा कुणी मिस कॉलसुद्धा देत नाही!

फोन बंद ठेवावा तर ऑर्डरी त्याच व्हॉट्सॲपवर. उघडला की सुप्रभाताची फुलं, भाच्याचा रील, आणि मधेच गिऱ्हाईक: "भैया, लास्ट प्राइस?"

वर रात्री ताटावर आई विचारते, "धंदा का वाढंना रे तुझा?"